आईची परसबाग

केरळात घराभोवतालच्या जमिनीला ‘पुरयिडम्’ म्हणतात. तिला बाग म्हणावे तर रेखीव वाफे नाहीत. शेत म्हणावे तर एकच एक पीक नाही. सर्वांत वर नारळ व पोफळी, त्यांखाली आंबा-फणस, फणसाच्या खोडावर चढलेली मिरीची वेल आणि जमिनीलगत केळ, सुरण, अळू, हळद व आले. या मजल्यांच्या रचनेमुळे ऊन, पाऊस अथवा पालापाचोळा, काहीच फुकट जात नाही.

या बागेचे पंचांग बहुधा घरातील आईला मुखोद्गत असते. एप्रिलच्या मध्यास विषूचा सण येतो. त्या पहाटे मुलांचे डोळे झाकून आई त्यांना देवापुढे आणते, आणि नववर्षाचे पहिले दर्शन घडते ते बहाव्याच्या पिवळ्या घोसांचे, फळांचे व आरशाचे. ओणमच्या 10 दिवसांत अंगणातील पुष्परचनेसाठी मुले द्रोणपुष्पीची इवली पांढरी फुले वेचतात. तिरुवातिरेच्या रात्री स्त्रिया ‘दशपुष्पम्’ केसांत माळतात. दूर्वा, माका, काळी मुसळी यांसारख्या या 10 वनस्पती औषधीही आहेत. सण आणि औषधालय यांचे मूळ असे एकाच मातीत आहे.

ही विद्या फार जुनी आहे. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याच्या पुढाकाराने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ अ‍ॅमस्टरडॅम येथे 1678 ते 1693 या काळात 12 खंडांत प्रसिद्ध झाला. त्याचा आधार होता इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे ज्ञान. रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोकणी वैद्यांनी 1675 मध्ये दिलेली ग्वाही तर त्यात नागरी लिपीतच छापली आहे!

परंतु वारसा म्हणजे बंद पेटी नव्हे. काजू, अननस, पपई आणि टॅपिओका ही मूळची अमेरिकेची; आज त्यांच्यावाचून पुरयिडम् पुरे होत नाही.

ही परंपरा आता मात्र क्षीण होत आहे. 1975 च्या कायद्याने एकत्र कुटुंबपद्धती संपुष्टात आली, वाटण्या झाल्या, भूखंड लहान झाले. जेथे पानही तोडू नये असा दंडक होता, त्या घरालगतच्या सर्पराया अनेक ठिकाणी तोडल्या गेल्या. ओणमसाठी लागणारी पुष्कळशी फुले आता तमिळनाडू व कर्नाटकातून येतात. फूल विकत मिळते. ते केव्हा फुलते, कशावर उपयोगी पडते, हे ज्ञान मात्र बाजारात मिळत नाही.

आपण कोणत्याही प्रांतात राहत असा, घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून दारच्या झाडांची नावे व उपयोग मुलांकडून एका वहीत लिहवून घ्यावेत. जागा नसेल तर एक कुंडीही पुरे. झाड पुन्हा लावता येते. पण त्याची ओळख सांगणारी आई-आजी कायमची लाभत नाही.