नगरचे शाहू मोडक

नगर-मनमाड रस्त्यावरील नागापूर आज औद्योगिक वसाहतीमुळे सर्वपरिचित आहे. त्याच्या शेजारच्या अहमदनगर शहराने (२०२४ पासून अहिल्यानगर) मराठी बोलपटाला आरंभकाळातच एक गुणी नट दिला, ही गोष्ट मात्र फारशी स्मरणात राहिलेली नाही. २५ एप्रिल १९१८ रोजी तेथील एका ख्रिस्ती कुटुंबात शाहू मोडक यांचा जन्म झाला.

मराठी बोलपट १९३२ साली अवतरला. पार्श्वगायन तेव्हा रूढ झालेले नव्हते. कॅमेऱ्यापुढे जो उभा राही त्यालाच गावे लागे. साहजिकच गाता गळा असलेल्या नटांना मागणी आली. त्याच वर्षी भालजी पेंढारकर दिग्दर्शित ‘श्यामसुंदर’मध्ये चौदा वर्षांचे मोडक श्रीकृष्ण झाले आणि शांता आपटे राधा. पुढच्याच वर्षी ‘आवारा शहजादा’त त्यांनी दुहेरी भूमिका केली.

ख्रिस्ती घरातील मुलाला भाविक प्रेक्षकांनी श्रीकृष्ण म्हणून स्वीकारले, याचे आज नवल वाटेल. परंतु रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले, ते याच नगर परिसरात. संतांची भाषा तेथील ख्रिस्ती समाजाला परकी नव्हती.

‘प्रभात’च्या ‘माणूस’मध्ये (१९३९) व्ही. शांताराम यांनी त्यांना वेगळीच भूमिका दिली. वेश्यावस्तीतील मैनेवर जीव जडलेला पोलीस शिपाई गणपत हा ना देव ना संत. कर्तव्य, आई आणि प्रेम यांच्या ओढाताणीत सापडलेला साधा माणूस. मोडकांच्या अभिनयाचा खरा कस येथेच लागला, असे म्हणावे लागेल.

लगेच १९४० मध्ये दामले-फत्तेलाल यांचा ‘संत ज्ञानेश्वर’ आला. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच जिल्ह्यातील नेवाशात. एकविसाव्या वर्षी समाधी घेणाऱ्या ज्ञानेश्वरांची भूमिका करणारा नटही जेमतेम बाविशीचा होता. चित्रपटात चमत्कार भरपूर. तरीही ते हास्यास्पद ठरले नाहीत, याचे बरेचसे श्रेय मोडकांच्या शांत, निरागस मुद्रेला द्यावे लागते.

याच मुद्रेने त्यांना जखडूनही ठेवले. १९४२ च्या ‘भरतभेट’मध्ये ते भरत झाले, पुढे पौराणिक पटांतून श्रीकृष्णाचा मुकुट वारंवार त्यांच्याच मस्तकी आला. गणपत शिपायाच्या तोडीची भूमिका पुन्हा वाट्याला आली नाही. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले.