गणितात बीएस्सी? आधी हिशेब तर मांडा!

‘गणित घेऊन करशीन काय?’ वरोऱ्यात बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न आईबापांच्या आधी शेजारचे काका विचारतात. नफा-तोटा शाळेत सगळ्यांनीच घोकलेला असतो; पण इथे मात्र कुणी कागद-पेन घेत नाही. चला, आपण घेऊ.

फी स्वस्त, वर्षं महाग

अनुदानित कॉलेजात प्राध्यापकांचे पगार सरकार देतं, म्हणून साध्या बीएस्सीची फी इंजिनिअरिंगपुढे किरकोळच. भद्रावती-चिमूरकडून येणाऱ्यांना एसटीचा पास आहे: ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे तीन रुपयांच्या प्रवासाला एक रुपया.

महाग पडतात ती वर्षं. समजा, एक दोस्त बारावीनंतर लगेच महिना १०,०००वर कामाला लागला आणि तिथेच राहिला. दुसऱ्याने तीन वर्षं बीएस्सी, दोन वर्षं बी.एड. केलं आणि माध्यमिक शाळेत शिक्षण सेवक झाला. मानधन १८,०००, तेही तीन वर्षं. आठव्या वर्षाअखेर पहिल्याची कमाई ९,६०,०००, दुसऱ्याची ६,४८,०००. पदवीधर ३,१२,०००ने मागे!

मग नियमित वेतनश्रेणी, मूळ वेतन ३८,६००. आता दर महिन्याला २८,६००ने अंतर कमी होतं. अकराव्या महिन्यात गणितवाला पुढे. महागाई भत्ता तर अजून धरलेलाच नाही.

यातला ‘समजा’ मात्र फार मोठा आहे. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी द्यायची, भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर जागा निघायची वाट बघायची, यात रिकामं गेलेलं प्रत्येक वर्ष १,२०,०००चं. ते भरून काढायला पुढे पगाराचे चार महिने जास्तच लागतात. म्हणून वाट बघता बघता दहावीचे क्लास सुरू होतात. काहींचे क्लास असे चालतात की पोर्टल कधी उघडलं तेही कळत नाही.

शिकायचे पैसे मिळतात, खरंच

केंद्राची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यातल्या मुलांसाठी आहे: मूलभूत विज्ञान किंवा गणित घेतलं तर वर्षाला ८०,०००, पाच वर्षांपर्यंत. त्यातले ६०,००० हाती, २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.मॅथला शिकवणी शुल्क नाही, वर विद्यावेतन. प्रवेश परीक्षा मात्र घाम फोडते. एमएस्सीनंतर नेट परीक्षा काढून संशोधनाची जेआरएफ शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३पासून महिना ३७,०००. दोन वर्षांचे झाले ८,८८,०००, घरभाडं वेगळं. शेजारच्या काकांना हा आकडा एकदा ऐकवाच.

फी? पळीभर तेल!

गणिताच्या शिक्षणाला पैसा लावणं हे आजचं फॅड नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्यात शके ११२८चा, म्हणजे सुमारे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. गावच्या बाजारातून मठाला वाटा बांधून दिला होता. त्यात दर तेलघाण्यामागे पळी-पळी तेलसुद्धा. लेखाचा हा भाग जुन्या मराठीत आहे. आठशे वर्षांपूर्वी गणिताचा खर्च तेली उचलत होते, आणि आपण ‘स्कोप’ विचारतो!

आपल्याकडचं उदाहरण याहून भारी. कुष्ठरोग्यांसाठीच्या आनंदवनाची सुरुवात बाबा आमट्यांनी १४ रुपयांवर केली, हे वरोऱ्यात पाठच असतं. तिथल्याच आनंद निकेतन महाविद्यालयाची इमारत कुष्ठरोग्यांनी स्वतःच्या हातांनी उभी केली. ज्यांना गावाने बाहेर काढलं, त्यांनी गावाच्या पोरांसाठी वर्ग बांधले. १९६४पासून शहरातली मुलं तिथे शिकायला जातात. हा खर्च कुठल्याच फी पावतीवर लिहिलेला नसतो.

७५ रुपयांचे दोघे

गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये गणितही शिकवत. ते कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून पगार महिना ७५ रुपये. तिकडे रामानुजन मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांवर कारकून. पदवी नाहीच, पदवीआधीच्या एफ.ए. परीक्षेत दोनदा नापास. १९१३मध्ये मद्रास विद्यापीठाने त्यांना संशोधनासाठी शिष्यवृत्ती दिली, तीही महिना ७५ रुपयेच! नोकरीच्या अडीचपट, आणि वर साहेबाची कटकट नाही.

फक्त बीएस्सी, तरी जगभर नाव

डहाणूत जन्मलेले द. रा. कापरेकर १९२९चे बीएस्सी. पुढची पदवी नाही. १९६२पर्यंत देवळालीत शाळामास्तर. पगार मास्तराचाच राहिला, पण १९४९मध्ये सापडलेला ६१७४ हा आकडा आज जगात ‘कापरेकर स्थिरांक’ आहे. १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं.

रीत सोपी: चार अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा, उत्तराला पुन्हा तेच करा. आपल्या गोंडवाना विद्यापीठाचं स्थापना साल घेऊ, २०११.

२११० − ०११२ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४च येतं. आता स्वतःचं जन्मसाल घालून पाहा; सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत.