गावठाणालगतचे उत्खनन व ग्रामस्थांचे कर्तव्य

नीरा खोऱ्यातील वडगाव निंबाळकरसारख्या बागायती भागात नदीची वाळू म्हणजे विहिरींची ठेव होय. वाळूचा थर पाणी धरून ठेवतो; तो उपसला की पात्र खोल जाते, काठ ढासळतात व विहिरींची पातळी खालावते. वस्तीलगत सुरुंग लावल्यास घरांस तडे जाण्याचे भय असते आणि धूळ पिकांवर बसते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ अन्वये विनापरवाना उत्खननास खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. स्वतःच्या शेतातील मुरूम विकणाराही त्यातून सुटत नाही. पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांसही पर्यावरण मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरविले.

ग्रामकार्यकर्त्यांनी परवान्यातील गट क्रमांक, मुदत व परिमाण ग्रामसभेत वाचून दाखवावे. शेतकरी बंधूंनी प्रत्यक्ष खोदाई त्याशी ताडून पाहावी व तफावत आढळताच तहसीलदारांस लेखी कळवावे.