मोटारसायकलचे चाक घरी रंगवताना

मिरजगाव हे नगर-करमाळा-सोलापूर रस्त्यावरचे गाव. इथे मोटारसायकल ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. सकाळी तिच्यावर दुधाच्या किटल्या जातात, दुपारी खताची गोणी येते आणि संध्याकाळी नवरा, बायको व मध्ये लेकरू अशी तिघे सोयऱ्यांकडे निघतात. हा सारा भार ज्या दोन चाकांवर असतो, त्यांच्याकडे मात्र पंक्चर होईपर्यंत कोणी पाहत नाही. टाकी पुसून लखलखीत ठेवायची आणि चाक गंजू द्यायचे, हे आपल्याकडे सर्रास चालते.

पेंटरची मजुरी प्रत्येकालाच परवडते असे नाही. चिकाटी असेल तर चाक घरी रंगवता येते. घरातल्या लेकी-सुनांनाही यातले काही अवघड नाही. पण आमच्या मते या कामाचा खरा फायदा रंगाचा नाही. त्या निमित्ताने चाक हातात येते आणि बारकाईने पाहिले जाते, हा खरा फायदा आहे.

गंज का चढतो?

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो. क्षार असले तर तो जास्तच वेगाने चढतो. गोणीतून सांडलेले युरियाचे दाणे, शेण, चाकाला चिकटलेली काळी माती, ही सगळी ओल धरून ठेवतात. १९८५ साली आलेली सीडी १०० असो की १९९४ सालची स्प्लेंडर, त्या काळच्या तारांच्या चाकांना क्रोमचा मुलामा असे. मुलाम्याला बारीक छिद्र पडले की गंज आतून पसरतो. अ‍ॅलॉयचे चाक गंजत नाही, पण रंग उडालेल्या जागी त्यावर पांढरी भुकटी धरते. गंजावरच रंग मारला तर तो रंगाखाली वाढत राहतो आणि थोड्याच दिवसांत पापुद्रे सुटतात.

आधी तपासा, मग रंगवा

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक काढावे. वॉशर आणि बुश कोणत्या बाजूला कसे होते, याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा दांडा दाबू नये; आतले पिस्टन बाहेर सरकतात. ड्रममधली भुकटी फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

चाक साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात नीट पाहावे. प्रत्येक तारेवर पान्याने हलकेच टिचकी मारावी. घट्ट तार खणखणते, सैल तार बद्द वाजते. अ‍ॅलॉयच्या चाकात काठ, दांड्यांची मुळे आणि व्हॉल्व्हच्या भोकाभोवतीची जागा पाहावी. केसाएवढी चीर दिसली किंवा काठ वाकलेला आढळला, तर रंगाचा डबा बाजूला ठेवून चाक मेकॅनिकला दाखवावे. रंगाने चीर बुजत नाही, फक्त दिसेनाशी होते. हीच खरी धोक्याची गोष्ट आहे.

निम्म्याहून जास्त काम घासण्याचे

ग्रीस डिझेलने काढावे, मग पुन्हा साबणाने धुवावे. गंज तारेच्या ब्रशने आणि जाड पॉलिश पेपरने स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासावा. शेवटी बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून फिरवावा. गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही. त्याची चकाकी मरेपर्यंत घासावे लागते. क्रोम चांगले असेल तर रंगाच्या वाटेला जाऊच नये, पुसून तेलाचा हलका हात द्यावा. चाक सुकल्यावर थिनरच्या फडक्याने पुसावे आणि त्यानंतर उघड्या बोटांनी शिवू नये.

टायर काढायचा नसेल तर हवा सोडावी आणि टायर व रिम यांच्या फटीत जुन्या पत्त्यांची पाने ओळीने खोचावीत. ब्रेकचा ड्रम, डिस्क, बेअरिंग, व्हॉल्व्ह आणि नट बसतो ती जागा कागद व चिकटपट्टीने झाकावी. नटाखाली रंगाचा थर राहिला तर तो पुढे दबतो आणि नट सैल पडू शकतो.

रंगाचे हात

लोखंडाला रेड ऑक्साइड प्रायमर चालतो. अ‍ॅल्युमिनियमला त्याच्यासाठी असलेला एचिंग प्रायमर घ्यावा. स्प्रेचा डबा आतली गोळी वाजू लागल्यावरही दोन मिनिटे हलवावा. साधारण २५ ते ३० सेंटीमीटर अंतरावरून हात सतत फिरता ठेवून पातळ थर द्यावेत. प्रायमरचे दोन, रंगाचे तीन, हवे तर वरून वार्निशचे दोन हात द्यावेत. दोन हातांमध्ये किती वेळ थांबायचे ते डब्यावर लिहिलेले असते. एकाच जाड हातात उरकायला गेले की ओघळ येतात.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत धूळ उडते आणि रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो. पावसाळ्यात दमट हवेने रंग पांढरट पडतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. दव वाळल्यावर, वारा नसताना, सावलीत काम करावे.

छातीला जपा

हे काम उघड्यावरच करावे. स्वयंपाकघर, चूल, बिडी-काडी, पाण्याचा हंडा आणि लहान मुले यांपासून दूर. तोंडाला बांधलेला रुमाल थिनरची वाफ अडवत नाही. वाफ शोषणारी डबी लावलेला मास्क, चष्मा आणि हातमोजे घ्यावेत. हार्डनर मिसळायचा रंग घरी वापरूच नये. त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. चार पैसे वाचवताना छाती गमावणे हा कसला व्यवहार?

रंग किमान २४ तास सुकू द्यावा. तो पुरता कडक व्हायला आठवडाभर लागतो. तोवर घासून धुऊ नये. चाक बसवल्यावर नट, चेन आणि ब्रेक जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावेत. गाडी आधी एकट्याने हळू चालवून पाहावी, दोन-तीनदा ब्रेक लावून पाहावा, मगच लेकराबाळांना मागे बसवावे.

चाक चमकले तर आनंदच आहे. पण न चमकणारे धड चाक चमकणाऱ्या चिरलेल्या चाकापेक्षा केव्हाही बरे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.