सर्व्हर बंद कोणी करायचा?

शाळेच्या सर्व्हरचा पासवर्ड सहसा एकाच व्यक्तीला ठाऊक असतो. वीज मात्र ती व्यक्ती शाळेत आहे की नाही, हे पाहून जात नाही. इस्लामपूर परिसरातील एका शाळेत आम्ही गेलो होतो, तेव्हा नेमके हेच घडले. संगणक-शिक्षक रजेवर होते, वीज गेली होती, यूपीएस शिट्ट्या मारत होता आणि शिपाईमामा समोर उभे होते. त्यांनी मागचे बटण बंद केले. आपणही तेच केले असते. त्या वेळी सहामाहीचे गुण भरणे चालू होते. शेवटचे काही गुण पुन्हा भरावे लागले.

ते गुण गेले कोठे? एखादे शिक्षक गुण आधी कच्च्या कागदावर टिपतात आणि सवडीने पत्रकात उतरवतात. लिनक्स तसेच करते. लिहायची माहिती आधी स्मृतीत साठते आणि थोड्या वेळाने, कधीकधी ३० सेकंदांनी, हार्ड डिस्कवर उतरते. वीज गेली की कच्चा कागदच नाहीसा होतो. ‘एक्स्ट-४’सारख्या फाइलव्यवस्था स्वतःजवळ रोजनामा ठेवतात, त्यामुळे फायलींची मांडणी पुन्हा सावरता येते, पण न उतरलेली माहिती रोजनामाही परत आणू शकत नाही. चांगला डेटाबेस पक्की झालेली नोंद लगेच डिस्कवर लिहवून घेतो. अर्धवट भरलेल्या पानाला मात्र तो काही करू शकत नाही.

साखर कारखाना थांबवताना केवळ उसाची मोळी टाकणे थांबवून भागत नाही. वाटेतला रस आणि पाक मार्गी लावून यंत्रे रिकामी करावी लागतात. सर्व्हरही असाच थांबतो. बंद करण्याची आज्ञा मिळाली की प्रत्येक प्रोग्रामला ‘आवरा’ असा संकेत जातो. आवरण्यासाठी साधारणतः ९० सेकंदांपर्यंत मुदत मिळते. जो ऐकत नाही त्याला सक्तीने थांबवले जाते. मग स्मृतीतले सर्व डिस्कवर उतरते, डिस्क मोकळी होते आणि शेवटी वीज तुटते.

ही आज्ञा देण्याचा अधिकार मुळात ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याचा. म्हणून शिपाईमामांना रूटचा पासवर्ड द्यावा काय? मुळीच नाही. त्या पासवर्डाने सर्व गुणही पुसता येतात. दार लावण्यासाठी तिजोरीची किल्ली कोणी देत नाही.

येथे ‘सूडो’ उपयोगी पडतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो लिहिला. त्याच्या यादीत एका ओळीत लिहायचे : अमुक वापरकर्ता, अमुक संगणक, अमुक आज्ञा. शिपाईमामांच्या खात्यापुढे ‘बंद करणे’ ही एकच आज्ञा, तिच्या पूर्ण पत्त्यासह लिहावी. कोणी, केव्हा ती वापरली याची नोंदही राहते. आज्ञेऐवजी स्वतः लिहिलेली छोटी स्क्रिप्ट वापरणार असाल, तर ती फाईल त्या खात्याला बदलता येता कामा नये. नाहीतर तिच्यात हवे ते लिहून कोणीही रूट होईल. ही चूक जाणकारांकडूनही होते.

मग पडद्यावर ‘सर्व्हर बंद करा’ असे मराठी चिन्ह ठेवावे आणि त्याला ही आज्ञा जोडावी. पाच मिनिटांची मुदत देण्याची सोय आहे, आणि दिलेली आज्ञा मागेही घेता येते. मात्र यूपीएस तेवढा वेळ टिकतो का, हे आधी पाहावे. दुसऱ्या गावाहून नेटवर्कवरून काम करणाऱ्याला ‘पुन्हा सुरू करा’ एवढेच द्यावे हे बरे. त्याने सर्व्हर बंद केला, तर चालू करायला कोणीतरी शाळेत जावे लागेल.

याहून सोपा उपायही आहे. डेस्कटॉप न चालवणाऱ्या बहुतेक नव्या लिनक्स सर्व्हरवर समोरचे बटण एकदा दाबून सोडले की बंद होण्याची रीतसर प्रक्रियाच सुरू होते. तेच बटण चारेक सेकंद दाबून धरले, तर मात्र वीज थेट तुटते. आपल्या शाळेत काय होते ते सुट्टीच्या दिवशी, माहितीची प्रत काढून, करून पाहावे आणि बटणाशेजारी चिठ्ठी चिकटवावी : ‘एकदा दाबा, सोडा. दिवा विझेपर्यंत यूपीएसला हात लावू नका.’