गोधडीचे चार कोपरे

माझी भाची उमरेडकडच्या खेड्यातून नागपूरला कॉलेजात गेली आणि पहिल्याच महिन्यात रडत घरी आली. अभ्यास जमत होता, पण बोलायला कुणी नव्हतं. आपल्या बोलीला शहरातल्या पोरी हसतील, या भीतीनं तीही गप्प राहायची. कितीतरी मुलींचं शिक्षण असंच सुटतं आणि घरचे म्हणतात, "पोरीचं मन लागलं नाही."

हिचं मन लागलं ते गोधडीमुळे. वसतिगृहाच्या बाईंनी जुन्या साड्या जमवल्या आणि रविवारी पोरींना शिवायला बसवलं. तुम्हाला ठाऊकच आहे, मोठी गोधडी एकटीनं शिवली तर कापड सरकतं, चुण्या पडतात. चौघी चार कोपऱ्यांवर बसल्या की एकीनं ताणून धरायचं, दुसरीनं टाका घालायचा. "जरा ओढ गं," एवढं तरी बोलावंच लागतं. नजर सुईवर असते, म्हणून लाजही कमी वाटते. भाचीला धावदोरा आजीनं शिकवलेला. शहरातल्या पोरी तिलाच विचारू लागल्या.

आपल्या भागाला हे नवं नाही. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हातांनी काम करत शिकण्याचा विचार मांडला. तीच 'नई तालीम'. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी ती चालवली. तिथे मुलं कापसाचं काम करत शिकायची. सरकी काढायची, कापूस पिंजायचा, पेळू करायचे, मग सूत कातायचं. पेळू नीट झाला नाही तर कातणाऱ्याच्या हातात सूत तुटणार. शेजाऱ्याच्या कामाकडे लक्ष द्यावंच लागतं.

म्हणून रांगोळी-राखीच्या स्पर्धांचं मला फारसं कौतुक नाही. जी ती आपलं झाकून करते, बक्षीस एकीलाच. ओळख व्हायची तर एकीचं काम दुसरीच्या हातातून पुढे जायला हवं.

यात आपल्या बचत गटालाही काम आहे. कॉलेजांत 1969 पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे आणि तिची सात दिवसांची शिबिरं खेड्यात भरतात. झाडलोट होते, भाषणं होतात, मुलं निघून जातात. तुमच्या गावी शिबिर आलं तर कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच सांगा, दुपारचे दोन तास आम्हाला द्या. धुतलेली सुती लुगडी, सुया, जाड दोरा, एवढंच लागतं. माप बाळाच्या दुपट्याएवढं ठेवा, म्हणजे शिबिर संपेपर्यंत काम पुरं होईल. मुलांनाही बसवा, सुई ओवताना त्यांची फजिती होते, पण तिथूनच गप्पा सुरू होतात. आधीपासूनच्या मैत्रिणी मात्र एकाच गोधडीवर नकोत. प्रत्येक गोधडीला आपल्यातली एक जाणती आजी द्या. आणि ती कुणाला द्यायची, हे त्यांनाच ठरवू द्या.

भाचीच्या वसतिगृहातली गोधडी आजारी पडलेल्या मुलीच्या खाटेवर जाते. भाची यंदा तिसऱ्या वर्षाला आहे.