कान टवकारलेला ससा

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात १९५७ साली झालेल्या एका प्रयोगाची दोन छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. पहिल्यात ससा मुटकुळं होऊन निपचित पडलाय, कान लोंबताहेत. दुसऱ्यात कान ताठ, डोळे सावध. मध्ये फक्त एक इंजेक्शन आणि १५ मिनिटं. कितीही वेळा पाहिली तरी माझी नजर त्या कानांवरून हलत नाही.

सशाला निपचित पाडणारं औषध सर्पगंधेतलं होतं. तिची मुळी रक्तदाबावर गुणकारी असल्याचं मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडलं आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं तिच्याकडे लक्ष गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. हे रिसर्पिन मेंदूत नेमकं करतं काय, या प्रश्नानं अर्विद कार्लसन या तरुण औषधशास्त्रज्ञाला पछाडलं.

मेंदूतल्या दोन पेशींमध्ये फट असते. एका मिलिमीटरचे ५० हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी! निरोप धाडणारी पेशी बारीक पिशव्यांत रसायन भरून ठेवते आणि वेळ आली की या फटीत ओतते. पलीकडच्या पेशीवर प्रथिनांचे ग्राही असतात. रसायन त्यांना बिलगलं की निरोप पोचला. रिसर्पिन या पिशव्या भरूच देत नाही.

कार्लसननं सशाला एल-डोपा टोचलं. शरीर त्यापासून डोपामिन करतं आणि डोपामिनपासून नॉरॲड्रेनॅलिन. डोपामिन म्हणजे वाटेतला थांबा, अशीच तोवर समजूत होती. ससा उठला, पण त्याच्या मेंदूत नॉरॲड्रेनॅलिनचा खडखडाटच होता. परत आलं होतं ते डोपामिन. म्हणजे तो थांबा नव्हता, स्वतःच निरोप्या होता. आणि फटीत शुकशुकाट असताना ग्राही मात्र जागच्या जागी शाबूत राहिले होते. मला सगळ्यात थक्क करतं ते हेच.

१९६० साली लंडनमधल्या एका परिषदेत हेन्री डेल यांच्यासारख्या दिग्गजांना हे पटलं नाही. त्याच वर्षी व्हिएन्नात हॉर्निकिविच आणि एरिंगर या संशोधकांनी पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, मृत रुग्णांचे मेंदू तपासले. हालचालींचा ताल सांभाळणाऱ्या भागात डोपामिन अगदीच थोडं उरलं होतं. ते पुरवणाऱ्या पेशी असतात कृष्णद्रव्य नावाच्या काळसर पट्ट्यात. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, त्यांतल्या या जेमतेम काही लाख! त्या मरत जातात, पण त्यांचे निरोप स्वीकारणाऱ्या पेशी टिकून असतात. म्हणून तर १९६१ साली व्हिएन्नात एल-डोपा टोचल्यावर अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालू लागली.

डोपामिनच का देत नाहीत? ते रक्तातून मेंदूत शिरूच शकत नाही. एल-डोपा मात्र प्रथिनांच्या घटकांसाठी असलेल्या दारातून आत जातं. त्या दाराशी डाळ-अंड्यांतल्या प्रथिनांचीही गर्दी होते, म्हणून बऱ्याच रुग्णांना गोळी जेवणापासून लांब घ्यायला सांगतात. हेच एल-डोपा खाजकुहिलीच्या बियांत असतं. जिच्या शेंगेची लव लागली की अंग खाजवून लाल होतं, तीच ही वेल. (बिया परस्पर खाऊ नयेत, मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.)

१९६३ साली कार्लसन आणि मार्गिट लिंडक्विस्ट यांना उंदरांत उलटं दृश्य दिसलं. मनोविकारांवरची औषधं दिली की डोपामिन कमी होत नाही, उलट ते वापरलं गेल्याच्या खुणा वाढतात. त्यांचा तर्क असा: औषधानं ग्राही बुजवले आहेत आणि हाक ऐकू जात नाही म्हणून पेशी आणखी जोरात हाका मारते आहे! ही औषधं घेणाऱ्यांचं अंग कंपवातासारखं का आखडतं, तेही यातून उलगडलं. कार्लसनना २०००चं नोबेल विभागून मिळालं, तेव्हा ते ७७ वर्षांचे होते.

एल-डोपा निरोप पुरवतं, पेशींची पडझड थांबवत नाही. वर्षं सरतात तसा एकेका गोळीचा अंमल आखूड होतो. सकाळी आजोबा आखडलेले, चेहरा कोरा, सदऱ्याची गुंडी तशीच राहिलेली. गोळी घेतात, वाट बघतात. काही वेळानं बोटं हलायला लागतात आणि गुंडी काजात जाते.